जॅझची एलपी: एका बाजूचं माप

प्रश्न थोडक्यात असा: हवा तो जॅझ फोनवर हवा तेव्हा ऐकता येत असताना तबकड्या जमवण्यात नेमका आनंद कसला? आवाज खरोखर चांगला असतो की ही नुसती हौस? आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं, काय टाळावं? मी बरीच वर्षं जॅझच्या एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकड्या, जमवतो आहे आणि त्याहून जास्त वेळ त्या ऐकण्यात घालवतो आहे. तेव्हा उत्तर जरा ऐसपैस देतो.

आवाजाचा मुद्दा आधी संपवू, कारण सगळ्यात जास्त वाद त्यावरच होतात आणि त्यातून हाती फार काही लागत नाही. मोजमापाच्या हिशेबात एलपी ही सीडीच्या मागे आहे. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर सुमारे ९६ डेसिबल असतं, एलपीवर साधारण ६० ते ७०. खोल बेस दोन्ही चॅनेलना जवळपास सारखा द्यावा लागतो, नाहीतर सुई खाचेतून उडण्याची भीती. शिवाय तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे एकाच गतीने घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ पोचेपर्यंत जेमतेम २१. म्हणजे तेवढंच संगीत निम्म्याहून कमी जागेत बसवलेलं असतं. बाजूच्या शेवटी सिम्बल (ड्रमसोबतची झांज) जरा चरचरते ती यामुळेच. तबकडी सीडीपेक्षा तांत्रिकदृष्ट्या सरस आहे असं मी कुणालाही सांगत नाही. पण चार-पाच वादकांच्या जॅझला ६० डेसिबल पुरून उरतात, आणि १९५० व ६०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रकांनी आपलं काम एलपीसाठीच केलं होतं. अशी एखादी नीट कोरलेली तबकडी नीट जुळवलेल्या सुईखाली वाजली की बेसच्या तारेवरचं बोट आणि ड्रमवरचा ब्रश समोर उभे राहतात. तेवढं मला पुरतं.

मग आनंद कशाचा? माझ्या मते, बाजूचा. एलपीची एक बाजू म्हणजे साधारण पंधरा ते बावीस मिनिटं. जॅझ ज्या काळात सर्वांत झपाट्याने बदलला त्या काळात वादक, निर्माते आणि ध्वनिमुद्रक याच मापात विचार करत होते. त्याच मापात, मध्ये न थांबता आणि पुढचं गाणं न निवडता ऐकलं की ते संगीत निराळं उलगडतं.

हे माप आलं कुठून तेही जाणून घेण्यासारखं आहे. आधीच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मावायचं. लुई आर्मस्ट्राँगचं १९२८ सालचं 'वेस्ट एंड ब्लूज' असंच सव्वातीन मिनिटांचं आहे. सुरुवातीला साथीशिवाय एकट्या ट्रम्पेटची ती उसळी, शेवटी चार मात्राखंड (चार-चार ठोक्यांचे गट) एकच वरचा सूर धरून ठेवणं, सगळं त्या सव्वातीन मिनिटांत. पण पियानोवादक आणि रचनाकार ड्यूक एलिंग्टनला ती चौकट पुरत नव्हती. आई गेल्यानंतर १९३५ मध्ये त्याने 'रेमिनिसिंग इन टेम्पो' रचलं आणि ते चार बाजूंवर तोडून द्यावं लागलं. ऐकणाऱ्याने दर तीन मिनिटांनी उठायचं. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ आरपीएमची एलपी बाजारात आणली आणि डिसेंबर १९५० मध्ये एलिंग्टनने आपलंच जुनं 'मूड इंडिगो' पुन्हा ध्वनिमुद्रित केलं, ते पंधरा मिनिटांहून मोठं. 'मास्टरपीसेस बाय एलिंग्टन' या १९५१च्या एलपीवर ते आहे. मूळ तीन मिनिटांचं आणि हे, दोन्ही लागोपाठ ऐका. इतकी वर्षं त्याने काय आवरून धरलं होतं ते कळेल.

बाजू ही केवळ जागा राहिली नाही, ती रचनेचा भाग झाली. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' घ्या. ९ डिसेंबर १९६४ला ध्वनिमुद्रित झालेलं, चार भागांचं. पहिल्या बाजूवर दोन भाग, दुसरीवर दोन. दुसरा भाग संपतो, तुम्ही उठता, तबकडी उलटता, सुई ठेवता आणि समोर येतो तो एकट्या एल्विन जोन्सचा ड्रम. कोल्ट्रेन नाही, पियानो नाही, बराच वेळ नुसता ड्रम. चारही भाग सलग वाजतात तेव्हा हा ड्रम मागच्या भागाला चिकटून येतो. तबकडी उलटताना मध्ये जी शांतता मिळते तिच्यानंतर तो नव्या प्रवेशासारखा येतो.

आणि चौथा भाग, 'साम' (इंग्रजी psalm, म्हणजे स्तोत्र). या एलपीचं कव्हर पुस्तकासारखं उघडतं आणि आत कोल्ट्रेनने लिहिलेली प्रार्थनावजा कविता छापलेली आहे. ती हातात धरून शेवटचा भाग ऐका. सॅक्सोफोनवर तो ती कविता अक्षरशः म्हणतो आहे, शब्दाला सूर आणि ओळीच्या शेवटी थांबा. कवितेत 'थँक यू गॉड' जिथे येतं तिथे सॅक्सोफोनही तसाच खाली उतरून विसावतो. एकदा बोट ठेवून शब्द-सूर जुळवून पाहिले की तो भाग तुम्हाला पुन्हा 'मोकळं वादन' म्हणून ऐकता येत नाही. कव्हर हातात असण्याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला मी हेच दाखवतो.

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' मध्ये तर बाजूच संपादकाच्या कात्रीखाली घडली. १८ फेब्रुवारी १९६९ला भरपूर वाजवून झालं, मग निर्माता टिओ मसेरोने टेप कापून-जोडून प्रत्येक बाजूला एक सलग रचना उभी केली. दुसऱ्या बाजूची सुरुवात कीबोर्डवादक जो झाविनुलच्या शांत चालीने होते. मग लय धरणारा मोठा भाग येतो आणि शेवटी ती सुरुवातीची चाल परत येते. परत वाजवलेली नाही, तोच टेपचा तुकडा पुन्हा जोडलेला आहे. सूर न् सूर तोच, तरी मधलं सगळं ऐकून झाल्यावर तो निराळा लागतो. एखाद्या रागात मुखड्यावर परत येताना जी तृप्ती मिळते तिच्या फार जवळचं हे काहीतरी आहे, फक्त इथे परत येणं वादकाच्या हातून न होता संपादकाच्या हातून झालं आहे.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण तबकडी संगीताला छळतेही. पियानोवादक कीथ जॅरेटची जर्मनीतल्या कोलोनमधली २४ जानेवारी १९७५ची मैफल दोन एलपींवर आली. पहिला भाग सुमारे २६ मिनिटांचा, तो कसाबसा एका बाजूवर बसवला. दुसरा भाग मात्र मैफलीत सलग वाजलेला असूनही मध्येच तोडून बाजू बदलावी लागते. बेसवादक चार्ल्स मिंगसच्या १९५९च्या 'मिंगस आह उम' मधल्या बऱ्याच रचना एलपीवर मावाव्यात म्हणून कापल्या गेल्या, पूर्ण रूपात त्या नंतर बाहेर आल्या. जॅरेटची ती मैफल मी स्वतः डिजिटलवर ऐकणं पसंत करतो. तबकडीवर प्रेम असलं म्हणून प्रत्येक संगीत तिच्यावरच ऐकावं असा हट्ट नको.

आता ऐकायचं कसं. जॅझ कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मी माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू देतो आणि पहिलंच 'सो व्हॉट' मोजत ऐकायला सांगतो. पियानो आणि बेसची लय नसलेली छोटी प्रस्तावना होते, मग पॉल चेंबर्सचा डबल बेस चाल वाजवतो आणि बाकीचे दोन कॉर्डचं (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचं) उत्तर देतात. या चालीचं एक आवर्तन ३२ मात्राखंडांचं आहे: आठ, तेच आठ, मग अर्ध्या सुराने वर चढून आठ, आणि पुन्हा खाली मूळ जागी आठ. बस्स, एवढाच सांगाडा. चाल संपून माइल्सचं वादन सुरू होतं त्या क्षणी ड्रमवादक जिमी कॉब सिम्बलवर एक जोराचा आघात करतो, तो विरत जाताना ट्रम्पेट पहिले सूर टाकतो. माइल्स दोन आवर्तनं घेतो, कोल्ट्रेन दोन, दुसरा सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली दोन, पियानोवादक बिल इव्हान्स एक. प्रत्येकजण तिसऱ्या आठात वर कसा चढतो तेवढंच बघा. माइल्स जागा मोकळी सोडतो, कोल्ट्रेन ती भरून काढतो, अ‍ॅडर्ली हसतखेळत वर-खाली जातो. दुसऱ्या दिवशी तीच बाजू लावा आणि फक्त बेस ऐका. तिसऱ्या वेळी फक्त ड्रम. ऐकण्याची ही सवय तबकडीमुळे लागते, कारण सुई उचलून पुढे नेण्याचा कंटाळा येतो आणि तो कंटाळा उपयोगी पडतो.

याच तबकडीची एक गंमत संग्राहकांना माहीत असते. २ मार्च १९५९च्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे त्या दिवशी मुद्रित झालेली पहिली पूर्ण बाजू तबकडीवर किंचित जलद आणि किंचित चढ्या सुरात वाजते. २२ एप्रिलच्या सत्रातली दुसरी बाजू ठीक आहे. १९९२च्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. म्हणजे त्याआधी तीन दशकं जगाने ऐकलेली पहिली बाजू वादकांनी वाजवलेल्या सुरात नव्हती. अजूनही काहीजणांना जुनी, चढी बाजूच खरी वाटते, कान तिच्यावर पोसलेले असतात. मला दुरुस्त केलेली आवडते. ट्रम्पेटचा आवाज तिच्यात जरा भरदार लागतो आणि वादकांनी धरलेला सूरच मला हवा असतो. आणि सुरुवातीच्या कव्हरांवर अ‍ॅडर्लीचं स्पेलिंग चुकलेलं आहे, दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावंही अदलाबदल झालेली आहेत. असल्या खुणांवरून कुठली प्रत कधीची हे ओळखण्यात तासन्‌तास जातात आणि ते वाया गेले असं मला कधी वाटलेलं नाही.

जमवायचं कसं, या प्रश्नाला माझं एकच ठाम उत्तर आहे: नावांच्या मागे जा. कव्हरच्या मागच्या बाजूला वादकांची यादी असते, तिच्यातला मुख्य कलाकार सोडून दुसरं नाव निवडा. पॉल चेंबर्सच घ्या. तो १९३५ला जन्मला आणि १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी गेला. पण त्याच्या मागे मागे गेलात तर अर्धा दशकभराचा उत्तम जॅझ तुमच्या कपाटात येतो. सप्टेंबर १९५७ मध्ये कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर तो आहे, जिथे ट्रम्पेट वाजवणारा ली मॉर्गन फक्त १९ वर्षांचा होता. जानेवारी १९५८ मध्ये पियानोवादक सॉनी क्लार्कच्या 'कूल स्ट्रटिन'वर आहे. १९५७च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये सॅक्सोफोनवादक आर्ट पेपरच्या सोबत आहे. २२ एप्रिल १९५९ला 'काइंड ऑफ ब्लू'चं दुसरं सत्र झालं आणि पंधरवड्याच्या आत, मेच्या पहिल्या आठवड्यात, हाच बेसवादक आणि हाच कोल्ट्रेन 'जायंट स्टेप्स' मुद्रित करत होते. एकीकडे एकाच सुरावटीवर आठ-आठ मात्राखंड निवांत राहणारं संगीत, दुसरीकडे दर दोन ठोक्यांना कॉर्ड बदलणारं, दमछाक करणारं. मध्ये पंधरा दिवसही नाहीत. 'जायंट स्टेप्स'वरच 'मिस्टर पी.सी.' नावाचा ब्लूज आहे, तो कोल्ट्रेनने चेंबर्ससाठी लिहिला. त्याच एलपीवरचं 'नाइमा' मात्र डिसेंबरमधलं आहे आणि त्यात पियानोवर विंटन केली, ड्रमवर जिमी कॉब, म्हणजे 'काइंड ऑफ ब्लू'मधलीच माणसं. हे सगळं वेगवेगळ्या कंपन्यांच्या कव्हरांवर विखुरलेलं असतं. ते जोडत जाण्याचं सुख कुठल्याही तयार यादीत मिळत नाही. एकदा ही सवय लागली की तुमचा संग्रह दुसऱ्या कुणाच्या संग्रहासारखा राहत नाही.

आता वस्तू म्हणून तबकडीकडे वळू. दिव्याखाली तिरपी धरा. खाचा संपून लेबल सुरू होण्याआधी जो गुळगुळीत पट्टा असतो तिथे बारीक अक्षरं कोरलेली किंवा ठोकलेली दिसतील. ब्लू नोट कंपनीच्या जुन्या प्रतींवर 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असतं. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा. १९५९ला त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ उभारला. तो मुद्रण करायचाच, शिवाय लॅकरवर (जिच्यावरून तबकडीचे साचे बनतात त्या चकतीवर) खाचही स्वतः कोरायचा, म्हणून त्या शिक्क्याला महत्त्व. शेजारी वळणदार 'पी'सारखी एक खूण असेल, संग्राहक तिला कान म्हणतात, तर ती तबकडी प्लास्टीलाइट कारखान्यात दाबलेली. १९६५-६६च्या सुमारास ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली आणि त्यानंतर ती खूण दिसेनाशी होते. लेबलावर छापलेल्या न्यूयॉर्कच्या पत्त्यावरूनही साल ताडता येतं, आधी लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू, मग वेस्ट ६३ स्ट्रीट.

पण माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या प्रतीच्या मागे धावू नका. इतिहास हातात धरण्याचं समाधान त्यात आहे, हे खरं. मात्र त्या प्रती त्या काळच्या जड टोनआर्मांखाली (सुई धरणाऱ्या दांड्यांखाली), झिजलेल्या सुयांनी शेकडो वेळा वाजलेल्या असतात. खाच एकदा झिजली की धुऊन काही होत नाही. ऐकण्यासाठी घ्यायची असेल तर नव्या चांगल्या आवृत्त्या पुष्कळ आहेत. १९८२ पासून फँटसी कंपनीने 'ओरिजिनल जॅझ क्लासिक्स' या मालिकेत प्रेस्टीज, रिव्हरसाइड वगैरे कंपन्यांचा खजिना पुन्हा आणला. त्या प्रती आजही माझ्या कपाटात सर्वांत जास्त वाजतात. जपानी प्रती त्यांच्या शांत पृष्ठभागासाठी ओळखल्या जातात. २०१९ पासूनच्या ब्लू नोटच्या 'टोन पोएट' मालिकेत मूळ टेपवरून केव्हिन ग्रेने कोरलेल्या तबकड्या आहेत, कव्हरंही देखणी. याउलट ज्या आवृत्तीवर कुठल्या टेपवरून घेतलं, कुणी कोरलं याचा एक शब्दही छापलेला नाही, ती रंगीत आणि जाडजूड असली तरी परत ठेवा. तबकडीचं वजन आवाजाबद्दल काही सांगत नाही.

जुनी प्रत घेताना डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा. कागदाच्या पाकिटाने पडलेले केसासारखे ओरखडे सहसा ऐकू येत नाहीत. नखाला जाणवणारा आडवा ओरखडा मात्र दर १.८ सेकंदांनी टक्‌ करणार, कारण एका फेऱ्याला तेवढाच वेळ लागतो. मधल्या भोकाभोवती पांढुरके वळसे असतील तर ती पुष्कळ वेळा आंधळेपणाने ठेवली गेली आहे, म्हणजे पुष्कळ वाजलीही आहे. खाचा राखाडी दिसत असतील तर झीज. विक्रेत्यांच्या श्रेणीत 'व्हेरी गुड प्लस'च्या खालचं जॅझसाठी मी घेत नाही. 'व्हेरी गुड' म्हणजे सतत चरचर आणि नुसतं 'गुड' म्हणजे जवळजवळ निकामी, नावावर जाऊ नका. मोठ्या आवाजाच्या संगीतात खपून जाणारा दोष जॅझमध्ये खपत नाही. बिल इव्हान्सच्या त्रयीचं २५ जून १९६१चं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधलं मुद्रण घ्या, ज्यातून दोन एलपी झाल्या. पाठीमागे ग्लासांचा किणकिणाट आहे, लोकांची कुजबुज आहे, ड्रमवादक पॉल मोशनचे ब्रश आहेत. झिजलेल्या खाचेची खरखर नेमकी त्या ब्रशसारखी लागते, धुळीचा टिक्‌ ग्लासात मिसळतो. खोली कुठली आणि खराबी कुठली हे कळेनासं होतं. त्या दुपारी-संध्याकाळी बेस वाजवणारा स्कॉट लाफारो अकराव्या दिवशी अपघातात गेला. त्याचा शेवटचा मोठा ऐवज ज्यांत आहे त्या एलपी मी स्वच्छ प्रतींतच ऐकतो.

मोनो (एकच चॅनेल) की स्टीरिओ (दोन)? १९५७च्या आधीचं मुद्रण असेल तर बहुतेक वेळा मोनोच अस्सल. कव्हरवर 'इलेक्ट्रॉनिकली रीचॅनेल्ड' असं काही छापलं असेल तर टाळा. मोनो मुद्रणाचे उंच सूर एका बाजूला आणि खालचे दुसऱ्या बाजूला ढकलून केलेला तो बनावट स्टीरिओ असतो. १९५८ ते साधारण १९६८ या काळात बऱ्याच एलपी दोन्ही रूपांत निघाल्या, तिथे आवडीनुसार ठरवा. मोनो तबकडी ऐकताना अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनोमध्ये संगीत खाचेच्या फक्त आडव्या हालचालीत असतं, दोन चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीतली खरखर आपोआप कटते. फरक लगेच ऐकू येतो.

उपकरणांवर मी थोडक्यातच बोलेन. सूटकेससारखे स्वस्त सगळं-एकात टर्नटेबल जड सुईने खाच खातात, ते नको. वजन जुळवता येईल असा टोनआर्म, लंबवर्तुळाकार टोकाची सुई, दीड ते दोन ग्रॅम दाब, आणि तो दाब छोट्या काट्यावर मोजून घेतलेला. कार्ट्रिजसोबत (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीसोबत) येणाऱ्या कागदी मोजपट्टीवर कोन जुळवा, बाजूच्या शेवटची चरचर निम्मी तिथेच कमी होते. सुई ५०० ते १००० तासांत बदला, नाहीतर ती तुमच्या सगळ्या तबकड्यांवर आपली झीज कोरत जाते. टर्नटेबल स्पीकरच्याच फळीवर ठेवू नका. डबल बेसचा कंप सुईत परत शिरतो आणि नेमका बेसच गढूळ होतो.

जुनी तबकडी घरी आली की आधी धुवा, मगच वाजवा. डिस्टिल्ड पाणी, थोडंसं तबकडीसाठीचं द्रावण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, आणि शेवटी परत शुद्ध पाणी. लेबल कोरडं ठेवा. लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना अल्कोहोल चुकूनही लावू नका, लाख विरघळते. जुनं कागदी पाकीट कव्हरमध्ये तसंच जपा, पण तबकडी नव्या गुळगुळीत पाकिटात घाला. उभ्या ठेवा, उन्हापासून आणि उष्णतेपासून लांब.

सुरुवात किती तबकड्यांनी करावी असंही विचारलं जातं. मी म्हणेन, एका वेळी एक. ती पाठ होईपर्यंत दुसरी घेऊ नका. दोन्ही बाजू कुठल्या क्रमाने काय सांगतात हे कळलं, कव्हरवरच्या वादकांपैकी निदान दोघांचा आवाज नाव न बघता ओळखता आला की पुढची. या हिशेबाने संग्रह हळू वाढतो, पण न ऐकलेल्या तबकड्यांचा ढीग होत नाही. मी असे ढीग पाहिले आहेत आणि त्यांच्या मालकांना त्यातलं फारसं काही आठवत नव्हतं.

शेवटी, जुन्यातच अडकू नका. आजचे वादकही तबकडीसाठी विचार करतात. शिकागोचा ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन याची २०१५ची 'इन द मोमेंट' ऐका. कार्यक्रमांतलं उत्स्फूर्त वादन त्याने नंतर कापून-जोडून रचना केल्या आहेत, मसेरोच्या कात्रीचाच हा वारसा. त्याच वर्षीची कमासी वॉशिंग्टनची 'द एपिक' तीन तबकड्यांवर आहे आणि सुमारे १७२ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला २८-२९ मिनिटं. एवढ्या लांब बाजूला खाचा एकमेकींना खेटून कोराव्या लागतात आणि आवाजाची पातळी खाली येते, त्यामुळे ऐकताना बटण जरा पुढे न्यावं लागतं. नवं काही घेताना म्हणून बाजूची मिनिटं जरूर बघा. बावीसच्या बरीच पुढे असतील आणि तेच संगीत आणखी एका तबकडीवर मोकळं कोरलेल्या आवृत्तीत मिळत असेल, तर ती घ्या.